आवाज तुटेपर्यंत

सहा वर्षांपूर्वी रतिलालनानांनी आपल्या जळगावच्या रेडिओच्या दुकानातून कारागीर जीवरामला तपासणीचं मीटर चोरलं म्हणून गिऱ्हाइकांदेखत हाकललं. मीटर पुढे नानांच्याच घरी सापडल्याचं जीवरामला कळलं, नाना मात्र गप्प राहिले. आज नाना घरचा अँप्लिफायर घेऊन त्याच्या फैजपूरच्या दुकानात आले. "आवाज मधूनच जातो रे. डोळे अधू झाले, दोष सापडत नाही. उद्या पोरीचा साखरपुडा आहे." जीवरामने तो उघडला, गाणं लावून पेन्सिलीने तारा जोडणारा सोल्डरचा एकेक टाका दाबला. एकावर आवाज गेला. तो टाका पक्का करून त्याने स्पीकर बाजाराकडे वळवले आणि माइक नानांच्या हाती दिला. "टेस्टिंग करा, नाना. म्हणा, मीटर माझ्याकडेच होतं, जीवराम चोर नव्हता. आवाज तुटेपर्यंत म्हणत राहा." नानांनी मान खाली घालून सुरुवात केली. रस्त्यावर माणसं थांबली. आवाज तुटेना. जीवरामने स्वतःपुरता चहा सांगितला.