तिसरी नौका

"दोन विमानवाहू नौका आहेत, तेवढ्या पुष्कळ झाल्या. तिसरी म्हणजे पांढरा हत्ती. बांधायला जेवढा पैसा, पोसायला तेवढाच!" अर्थखात्याच्या साहेबांनी दुपारच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. नौदलाच्या एका अधिकाऱ्याने काही समजवायला तोंड उघडलं, तर "किस्से नकोत, आकड्यांवर बोला," म्हणून साहेबांनी त्याला गप्प बसवलं. तेवढ्या पैशात किती दवाखाने उभे राहतील, हेही त्यांनी सांगितलं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तिसरी आराखड्यातून उडाली.

साहेब घरी आले ते शीळ घालतच. नात शाळेचा नवाकोरा गणवेश चढवून आरशासमोर मिरवत होती. शाळा सोमवारी सुरू व्हायची होती, पण धीर कुणाला! तिची आई, म्हणजे साहेबांची लेक, नौकेवर विमानांची दुरुस्ती करायची. कित्येक महिने ती समुद्रावर होती.

"आजोबा, आई रविवारी येणार ना? नक्की?"

"म्हणजे काय! सोमवारी तीच सोडणार तुला शाळेत."

तेवढ्यात लेकीचाच फोन आला.

"बाबा, आमचं येणं लांबलं हो. किती ते कुणीच सांगत नाही. बदलीची नौका आल्याशिवाय आम्हाला जागा सोडता येत नाही."

"अगं, मग येईल की ती. दोन आहेत ना!"

"आहेत ना. एक दुरुस्तीला गोदीत आणि दुसरीवर मी."

साहेबांना दुपारचा तो अधिकारी आठवला.

"पिल्लूला तुम्हीच सांगा, बाबा. मला नाही जमायचं." मग लेक उगाच हसली. "इथे सगळे तिसरीची वाट बघतायत. मी म्हटलं, काळजी सोडा, तिथे माझे बाबा बसलेत."

फोन ठेवला, तर नात समोर उभी. आता नवे बूटही चढवले होते, नाड्या लोंबत होत्या.

"काय म्हणाली आई? निघाली?"

साहेब खाली बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या बांधू लागले. दोन्ही बांधून झाल्या, तरी त्यांनी मान काही वर केली नाही.