एका दमात वाचलेलं पत्र

“हात लिहितो, पण तोंड वाचत नाही,” पंतोजी म्हणाले. “असा मुलगा आम्ही तरी पाहिला नाही. आपल्या घराण्याची काही खास रीत असेल तर सांगा.”

ओसरीवरची मुलं फिदीफिदी हसली. अनंतरावांनी मान खाली घातली.

श्रीधर त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. त्यानं धूळपाटीवर बोटानं मोडीची ओळ काढली होती, आणि ती साऱ्या शाळेत रेखीव होती. पंतोजींनी हात धरून जे गिरवून घेतलं, ते त्याच्या बोटात बसलं होतं. सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचं असलं की त्याचाच आवाज पुढे. पण कागद हातात देऊन एकट्यानं वाच म्हटलं की तो गप्प.

“हट्टी आहे,” पंतोजी म्हणाले. “आमच्या वाट्याची छडी देऊन झाली. उरलेली घरी होऊ द्या.”

अनंतराव कसब्यातल्या एका सरदारांच्या दफ्तरात कारकून होते. त्यांच्या अक्षराचं पेठेत नाव होतं. संक्रांतीनंतर श्रीधरला दफ्तरात उमेदवार म्हणून घ्यायचं कारभाऱ्यांनी कबूल केलं होतं, पण आधी त्यानं त्यांच्यासमोर एक पत्र वाचून दाखवायचं होतं. नाही वाचलं तर ती जागा दुसऱ्याच्या मुलाला जाणार होती, आणि अनंतरावांचं हसं होणार होतं ते वेगळंच.

नदीकाठानं घरी येताना त्यांनी श्रीधरच्या पाठीत एक धपाटा घातला. मग स्वतःच वरमले. पोराला खुलवावं म्हणून म्हणाले, “ते बघ, पर्वतीवरचं निशाण कसं फडफडतंय!”

“हो नाना, फडफडतंय,” श्रीधर म्हणाला.

तो नदीकडे बघून म्हणत होता. पर्वती त्याच्या पाठीमागे होती.

अनंतराव वाटेतच थांबले. धपाटा घातलेला हात त्यांनी उपरण्याखाली घेतला.

घरी हे ऐकून श्रीधरच्या आईला, आनंदीबाईंना, मुळीच नवल वाटलं नाही. “मला वाटलं, आपल्याला ठाऊक आहे. ताटात मीठ कुठं वाढलंय ते तो बोटानं चाचपतो. कागद नाकाशी धरला तरी अक्षरांच्या मुंग्या दिसतात म्हणतो.”

“मग बोलली का नाहीस?”

“आपण कधी विचारलंत?”

मग त्याच म्हणाल्या, “टोपीवाल्या इंग्रजांकडे डोळ्यांवर लावायच्या काचा मिळतात म्हणे.”

“नऊ वर्षांच्या पोराच्या नाकावर काचा? त्यापेक्षा दवंडी पिटू या ना, कारकुनाच्या पोटी आंधळं जन्मलं म्हणून!”

बोलून गेल्यावर त्यांना दिसलं, श्रीधर दाराआड उभा होता. त्याला दिसत कमी होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

त्या दिवसापासून अनंतरावांना एकच सुचत होतं, आणि ते त्यांचं त्यांनाच आवडत नव्हतं.

दफ्तरातली रीत त्यांना पाठ होती. रोज सकाळी आलेली पत्रं ते कारभारी यज्ञेश्वरपंतांना एकदा वाचून दाखवत. एवढ्या मोठ्या माणसानं कागदात डोकं का घालावं? पंत डोळे मिटून ऐकत. मग सरदारांपुढे तीच पत्रं स्वतः हातात धरून वाचत. त्यांचं वाचणं म्हणजे ऐकण्यासारखं. मधेच थांबायचे, घसा खाकरायचे, तपकिरीची चिमूट ओढायचे आणि पुढचं वाक्य असं टाकायचे की सरदारही सरसावून बसत. तरुण कारकून त्यांच्यामागे त्या खाकरण्याची नक्कल करत.

उमेदवाराला वाचायला ते रुमालात बांधलेल्या कागदांतला वरचा कागद देत. हेही अनंतरावांना ठाऊक होतं.

त्यांनी लोणीच्या आमराईचं पत्र निवडलं आणि श्रीधरकडून घोकून घेतलं. पोरानं ते भराभर पाठ केलं. शेवटी त्यानं विचारलं, “नाना, याला वाचणं म्हणायचं का?”

अनंतरावांनी पत्राची घडी घातली. आपण मुलाला पहिली लबाडी शिकवतोय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

नेमल्या दिवशी त्यांनी ते पत्र सगळ्यांत वर ठेवून रुमाल बांधला. शिपाई भैरूनं तो नेऊन पंतांपुढे ठेवला. पंतांनी गाठ सोडली, वरचा कागद उचलला आणि श्रीधरच्या हातात दिला. अनंतराव खांबाशी बसले होते.

“वाच.”

श्रीधरनं कागद तोंडासमोर धरला. लोणीच्या आमराईला यंदा मोहोर चांगला, राखणदार एक जास्त द्यावा, पाट फुटला आहे तो बांधून घ्यावा. कुठंही न अडखळता त्यानं पत्र संपवलं.

“आण इकडे. आता पुन्हा म्हण.”

पंतांनी कागद मांडीवर घेतला. श्रीधर म्हणत गेला तसं त्यांचं बोट ओळींवरून सावकाश सरकत गेलं.

“अक्षर न् अक्षर बरोबर,” पंत म्हणाले. “उद्यापासून येऊ दे याला.”

श्रीधर नमस्कार करून बाहेर गेला. अनंतराव रुमाल बांधायला पुढे झाले. पंतांच्या मांडीवरचा कागद त्यांनी उचलला आणि सवयीनं त्यावरून नजर फिरवली.

ती हडपसरच्या कडब्याची मागणी होती. घोडी उपाशी आहेत, गाड्या लवकर पाठवाव्यात. आमराईचं नावही नव्हतं. लोणीचं पत्र गठ्ठ्याच्या तळाशी होतं. भैरूनं रुमाल पालथा ठेवला होता.

कागद हातात धरून अनंतराव तसेच उभे राहिले.

“अनंतराव,” पंत हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. “मुलाला सांगा, सगळं एका दमात म्हणायचं नाही, लोकांना संशय येतो. मधे थांबावं, जरा घसा खाकरावा.”