पांचाळकाकांची सबब

"घ्या बाबा, आता सबब संपली!" म्हणत जावयाने जुनं ड्रिल पांचाळकाकांच्या हातात दिलं. तसली बॅटरी आता बाजारात मिळत नाही, म्हणून पठ्ठ्याने नवे सेल आणून जुन्याच खोक्यात बसवले होते.

"काय करू, बॅटरीच मेली!" या एका वाक्यावर काकांनी तीन वर्षं काढली होती. अख्ख्या बिल्डिंगचे आरसे, पडदे, घड्याळं तेवढ्यावर खोळंबली होती. कुणी आपलं ड्रिल पुढे केलंच, तर उत्तर तयार असायचं, "सुतार दुसऱ्याच्या हत्याराला हात लावत नाही."

आता स्वतःचंच हत्यार जिवंत होऊन परतलं होतं. लेकीने लग्नाच्या फोटोसाठी भिंतीवर पेन्सिलने फुली मारली. वरच्या देवस्थळीबाई तर पडद्याचा दांडा घेऊनच आल्या आणि नंबर लावल्यासारख्या दार अडवून उभ्या राहिल्या.

सगळे हसत होते, काकू तेवढ्या घाईने ताटं मांडायला लागल्या. तीन वर्षं त्या काकांना चहा अर्धा कपच देत आल्या होत्या, सांडू नये म्हणून.

"अहो, आधी जेवून घ्या," त्या म्हणाल्या.

"जेवण कुठे पळतंय, आई?" जावई म्हणाला.

काकांनी ड्रिलचं टोक फुलीवर टेकवलं. ते सरकलं. त्यांनी दुसरा हातही लावला.

"बघा, मशीन कसं थरथरतंय! कामाला आसुसलंय बिचारं," देवस्थळीबाई म्हणाल्या.

काकांनी बटण अजून दाबलंच नव्हतं.