धाकटीची भाकरी

“मिसेस टॉलिव्हर, एवढा एक घास घ्या ना,” देखभालीला येणारी मेगन म्हणाली. ती खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली होती. आर्व्हेस्टा टॉलिव्हरनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढ्यात मक्याची भाकरी होती, वाडग्यात शिजवलेल्या पालेभाजीचं पाणी होतं. म्हातारी दोन्ही हात मांडीवर ठेवून मागच्या दाराकडे बघत होती.

“परवापासून पोटात काही नाही,” मेगन आयडेलला म्हणाली. “डॉक्टर म्हणालेत, आज खाल्लं नाही तर इस्पितळात न्यायचं. नाकातून नळी घालतील.”

“एकशे एक वर्षांच्या बाईच्या नाकात नळी? त्या डॉक्टरला म्हणावं, आधी स्वतःच्या नाकात घालून बघ!”

आयडेल ही धाकटी बहीण, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांची. चर्चला जायची निळी टोपी घालून ती रोज ताईकडे यायची आणि संध्याकाळपर्यंत बडबडायची. आज मात्र टोपीसुद्धा तिरकी बसली होती. तिला ठाऊक होतं, ताईला भूक आहे. ताई नको म्हणत नाही, ताई हुकमाची वाट बघतेय. काल झोपेत ती पुटपुटली होती, “भांडी राहिलीत, बाईसाहेब.” वय झालं तसं तिच्या मनातलं एकेक वर्ष मागच्या मागे गळून गेलं होतं. आता ती बारा वर्षांची होती, आणि जिथं तेव्हा कामाला होती, त्या गोऱ्या हॅडॉक्सबाईंच्या स्वयंपाकघरात उभी होती.

तिथं तिला खायला लावायला काय म्हणावं लागेल, हेही आयडेलला ठाऊक होतं. पण ते शब्द तिच्या तोंडातून फुटत नव्हते.

कारण त्याच शब्दांशी ताई जन्मभर भांडली होती. अलाबामातल्या त्या गावात काळी बाई सत्तरीची झाली तरी गोऱ्यांची ‘पोरगी’च असायची. एकदा कापडवाल्यानं कापड मोजलं, कापलं, घडी घातली आणि विचारलं, “आणखी काय हवं, पोरी?” आर्व्हेस्टा म्हणाली, “मिसेस टॉलिव्हर म्हणा.” तो हसला. ती कापड तिथंच टाकून घरी आली. लेकीचं लग्न तोंडावर होतं, तरी आली. मत द्यायचा हक्क मागायला गेली म्हणून तिचं काम गेलं, तेव्हाही तिनं मान खाली घातली नाही. पुढं दिवस पालटले. कापडवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसला आणि एक दिवस त्यानं तिला ‘मिसेस टॉलिव्हर’ म्हटलं. त्या दिवशी तिनं दोऱ्याचं एक रीळ घेतलं आणि राणीसारखी बाहेर पडली. आता तर मेगनसारखी गोरी मुलगी तिचे पाय धुवायची. एवढं सगळं मिळालं, आणि नेमकं तेच नाव तिला ओळखू येईना. याला काय म्हणायचं!

दोघी बहिणींचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. आयडेल चर्चमध्ये लहान मुलांना शिकवायची, आणि दरवर्षी हॅडॉक्सबाईंची गोष्ट सांगायची. “बाई तोंडानं कडक होत्या. पण मी पाच वर्षांची, कुंपणाबाहेर ताईची वाट बघत उभी असायचे, तर माझ्यासाठी रोज तिच्या हाती अर्धी भाकरी धाडायच्या. कुणालाही अगदीच वाईट समजू नये, बाळांनो.” आर्व्हेस्टा मागच्या बाकावर बसून ऐकायची. घरी आल्यावर एवढंच म्हणायची, “तुझी गोष्ट आता पुरे झाली.” आयडेल फणकारायची, “तुझं मनच लहान आहे, ताई.”

आयडेल उठली. टोपी काढून तिनं मेजावर ठेवली.

“मेगन, तू जरा बाहेर जा.”

“का? मदत लागेल ना?”

“मला ताईचा अपमान करायचाय. तुझ्यादेखत नको.”

मेगन गेली. आयडेलनं भिंतीला हात टेकला, डोळे मिटले आणि कुंपणाबाहेरून ऐकलेला तो आवाज आठवला.

“ए पोरी! ऐकू येत नाही का?”

आर्व्हेस्टाची पाठ ताठ झाली. “जी, बाईसाहेब.”

“ते खा पटकन. भांडी पडलीत.”

म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीच्या पाण्यात बुडवला आणि तोंडात घातला. मग दुसरा. ती भुकेलेल्या पोरासारखी खात होती. आयडेलच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ज्या शब्दाला ताईनं आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलं, तो आज सख्ख्या बहिणीनं घरात आणला होता.

अर्धी भाकरी संपली. उरलेली अर्धी आर्व्हेस्टानं हळूच स्वेटरच्या खिशात सरकवली.

“ते काय लपवतेस?” आयडेलनं आवाज चढवला. सगळी खाल्ली असती तर बरं झालं असतं.

“धाकटीसाठी आहे, बाईसाहेब. बाहेर उभी असेल ती.”

आयडेलनं डोळे पुसले. पण आवाज मोडून चालणार नव्हता.

“तिची काळजी तुला नको. तिला मी धाडते की रोज. तू खा ती.”

आर्व्हेस्टा गोंधळली. मान खाली घालूनच, बाईंना राग येऊ नये अशा बेतानं ती म्हणाली,

“तुम्ही कुठं धाडता, बाईसाहेब? ही माझ्याच वाटणीची आहे. तुम्ही दिली असं मीच सांगते तिला. ताई उपाशी राहते हे कळलं, तर ती तोंडसुद्धा लावायची नाही.”