गारव्याचा तास

हिवाळा यायचा बंद झाल्यापासून इमारतीच्या गारखोलीत माणशी रोज एकच तास मिळायचा. आपल्या तासाला भालचंद्रराव कोथिंबिरीची कुंडी आत ठेवत आणि स्वतः बाहेर पायरीवर घाम पुसत, चुळबुळत बसत. त्यांच्या बायकोच्या, सुमतीच्या, तोंडाची चव गेली होती; तिच्यासाठीच ही कोथिंबीर. चपलेने रगडून पेरलेले धणे दोनदा करपले. या खेपेला मात्र रोपं तरारली होती. पण आज गॅलरीतून उचलताना कुंडीची माती पाणी घालण्याआधीच गार लागली, तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं.

सुमती जिना उतरून आली. "अहो, डॉक्टरांनी उकाड्यात बसू नका म्हणून सांगितलंय ना?"

"तू घेतेस ना तुझा तास?"

"घेते की," म्हणत तिने पदर मानेवर ओढला. तोवर घामोळ्यांनी लाल झालेली तिची मान त्यांना दिसली होती.