ह्यांच्या नावाचं भवन

"आजी, यहाँ तो हलवाई का गोदाम है!" फोनवर रेवती रडकुंडीला आली होती.

"मग तूच चुकीच्या जागी गेलीस," गोदूबाई ठामपणे म्हणाल्या. आपलंही कधी चुकत असेल, हा विचार त्यांच्या वाटेला फारसा गेलेला नव्हता.

रेवती त्यांची भाडेकरू, झाशीजवळच्या मोठ गावाहून आलेली. वरच्या खोलीत राहून मराठी समजायला लागली होती, बोलायची मात्र हिंदीच. आज तिची शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती, आणि ही हुकली की वडील तिला गावी परत नेणार, हे ठरलेलं. ती घरातून निघाली आणि शाळेचा फोन आला, तोही गोदूबाईंना, कारण रेवतीचा लागत नव्हता. शाळेत परीक्षेचं केंद्र पडलंय, मुलाखती दतिया गेटच्या आत श्रीकृष्ण भवनात होतील, साडेअकराला साहेब उठतील.

गोदूबाईंनी निरोप शब्दन्‌शब्द ध्यानात ठेवला आणि रेवतीचा फोन लागताच सांगितलाही. भवनाचं नाव तेवढं राहिलं. कसं सांगणार? तेच नाव त्यांच्या यजमानांचं. लग्नात, मंगळागौरीला उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. यमकात बांधलेलं नाव चालतं, मोकळं चालत नाही. आरतीत तो शब्द आला तरी गोदूबाई ओठ मिटून नुसती टाळी वाजवायच्या.

म्हणून त्या म्हणाल्या होत्या, "ह्यांच्या नावाचं भवन." पण रेवतीला गोदूबाईंचे 'हे' ठाऊक होते ते 'गार्डसाहब' म्हणून. दारावरची पाटीसुद्धा एस. आर. मुळे, निवृत्त रेल्वे गार्ड. तेव्हा गोदूबाईंनी खूण सांगितली, "अगं, गोवर्धन उचलला ना, तो." "समझ गई!" म्हणत पोरगी जी सुटली, ती थेट गिरिधारी भवनात. तेच हे हलवायाचं गोदाम.

"आता नीट ऐक," गोदूबाई म्हणाल्या. "बासरीवाला."

"मुरली! समझ गई, आजी!" फोन बंद.

आता ती मुरलीचं भवन विचारत फिरणार. झाशीत रस्ता विचारला आणि 'माहीत नाही' असं उत्तर मिळालं, असं होत नाही. माहीत नसलं तरी माणूस हात करतोच, नाहीतर विचारणाऱ्याचा अपमान होतो. गोदूबाईंनी शाळेचा नंबर लावून पाहिला, कुणी उचलेना. शेजारच्या दाराला कुलूप. शेवटी त्या देवघराच्या दाराशी गेल्या. आत गार्डसाहेबांची पूजा चालली होती, आणि पूजा संपेपर्यंत मौन हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

"अहो, फोनवर तेवढं नाव सांगता का?"

त्यांनी मान न वळवता हात वर केला, गाडीला झेंडा दाखवावा तसा. थांब.

फोन वाजला. "आजी, ये तो मंदिर है. भजन चल रहा है, सब कह रहे हैं परसाद लेके जाओ. एक भैया इधर भेजते हैं, दूसरे उधर. साहब लोग उठ जाएँगे, आजी!" रेवती आता खरोखरच रडत होती.

पोरीचं काही चुकलेलं नव्हतं. एकदम गोदूबाईंना सुचलं, उखाणा!

"थांब, सांगते. दतिया गेटच्या आत उभी रेवती राणी..." आणि पुढे गाडी अडली. पाणी, गाणी, लोणी. एकाही यमकात भवन बसेना.

"आजी, जल्दी!"

गोदूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि डोळे घट्ट मिटले.

"श्रीकृष्ण!" त्या ओरडल्या. "श्रीकृष्ण भवन!"

"अरे! उसके सामने से तो दो बार निकली हूँ!"

फोन तसाच चालू राहिला. पळणाऱ्या चपला ऐकू आल्या, मग जिना, मग धापा टाकत विचारलेलं, "मे आय कम इन, सर?" मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "हम तो उठ ही रहे थे. आइए, बैठिए." गोदूबाईंनी फोन हलकेच खाली ठेवला. ऊर भरून आला होता.

देवघरातली घंटी थांबली होती. गार्डसाहेब दारात येऊन उभे राहिले, हातात उदबत्ती तशीच. त्यांना नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून केव्हाच गेली होती. त्यांनी बाहेर ओसरीकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"कोणी हाक मारली मला?"

"कोणी नाही," गोदूबाई म्हणाल्या. "मी."