फुली

"काढा पट्ट्या. आत्ता, माझ्यासमोर," धैर्यशील म्हणाला.

केरबा हवालदारानं हातातली पाण्याची नळी गवतावर ठेवली आणि पाना उचलला. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. हेही धैर्यशीलला खटकलं. चोर नसता तर माणसानं निदान एकदा 'का' म्हटलं असतं.

पाचगणीच्या माळावर बर्फातली स्कूटर आणून पर्यटकांना गवतावर फिरवायची, ही कल्पना धैर्यशीलची आणि गाडीची देखभाल केरबाची. गाडीला मागं चाकं नाहीत. पोटाखाली रबराचा रुंद पट्टा गरगरतो आणि तो दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरत जातो. बर्फात बर्फच त्या पट्ट्यांना गार ठेवतो. इथं बर्फ कुठला? म्हणून केरबा दर फेरीआधी गवत भिजवायचा आणि दोन फेऱ्या झाल्या की गाडी निवायला उभी करायचा. फौजेत असताना वर बर्फात त्यानं असल्याच गाड्या सांभाळल्या होत्या.

एवढं करून दोन महिन्यांत पट्ट्यांचे दोन जोड संपले. माहितीपुस्तकात तर लिहिलं होतं, एक जोड हंगामभर पुरतो. नवा जोड परदेशातून यायचा, तोवर ऐन स्ट्रॉबेरीच्या गर्दीत गाडी ठप्प. धैर्यशीलच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. केरबा नवा जोड काढून मनालीच्या आपल्या फौजी दोस्तांना पाठवतो आणि इथं जुनाच ठोकून देतो. दुसरं काय असणार?

तिसरा जोड आला तेव्हा केरबा चहाला गेलेला बघून त्यानं दोन्ही पट्ट्यांच्या टोकाला, आतल्या अंगानं, कानसीनं बारीक फुली मारली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. पट्ट्या बसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, केरबा यायच्या आत, गाडी माळाच्या टोकाला भैरोबाकडं नेली. नव्या जोडाची पहिली फेरी देवाची, हा त्याचा नेमच होता. फरसबंदीवरून पाच प्रदक्षिणा, नारळ, गाडीवर आणि गाडीखाली ओंजळभर गुलाल. या वेळी त्यानं एक मागणंही मागितलं होतं. देवा, चोर दाखव.

आज नववा दिवस. गाडी परत किंचाळायला लागली होती. उद्यापासून वाईचा दुसरा मिस्त्री येणार आणि केरबाला आत सोडायचं नाही, हे तिकिटं फाडणाऱ्या बाळासोला सांगून झालं होतं. बाळासो आता शेजारी उभा होता, साक्षीला.

केरबानं गाडी आडवी केली, बोल्ट सैल केला आणि पट्टी ओढून काढली. धैर्यशीलनं ती जवळजवळ हिसकावलीच. टोक पुसलं.

फुली होती.

दुसरी पट्टी पाहिली. तिच्यावरही होती. माणसाला बरं वाटायला हवं होतं. धैर्यशीलला राग आला.

"मग पाणी मारत नसाल तुम्ही."

"मारतोय की. बाळासोला इचारा."

"मारत्यात, मालक," बाळासो जमिनीकडं बघत म्हणाला. "रोज."

केरबानं पट्टीची कड नखानं खरवडली. "हे बघा. वल्या गवतावर पट्टी झिजली तर एकसारकी झिजती. ही झिजल्याली न्हाई, वितळलीया. कोरड्या दगडावर पळाली, तापली आन् वघळली. आन् वघळताना आत काय घिऊन बसली, ते बी बघा."

कडेला मेणबत्तीसारखे ओघळ गोठले होते. पांढऱ्या ओघळात गुलाबी रेघ होती. धैर्यशीलनं बोट फिरवलं. रंग बोटाला लागेना, पार आत मुरला होता.

गुलाल.

प्रदक्षिणा घालताना गाडी कर्रकर्र करत होती. त्याला वाटलं होतं, नवी आहे, बसेल हळूहळू.

"पैल्या दोन्ही जोडांत बी असाच हुता," केरबा म्हणाला.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं हुतं, मालक. दगडावर नेऊ नगा म्हनलं, तर तुमी हसला. देवाच्या दारात गाडी कशी बिघडंल, म्हनला."

ते खरं होतं. बाळासोही तेव्हा हसला होता.

"परत सांगायचं."

"सांगनारच हुतो. ह्यो जोड बसवायला घेतला आन् फुली दिसली." केरबानं हात फडक्याला पुसले. एकेक बोट, सावकाश. "मंग म्हनलं, आता काय बी बोललो तरी ते चोराचंच बोलनं."

धैर्यशीलला खूप काही म्हणावंसं वाटलं. चुकलो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण बाळासो तिथंच उभा होता, आणि पाटलाच्या घरातली जीभ असल्या शब्दाला सहजी वळत नाही.

"ऑफिसात आणखी एक जोड आहे," तो शेवटी म्हणाला. वाईच्या मिस्त्रीसाठी आणून ठेवलेला, हे त्यानं सांगितलं नाही. "तुम्हीच बसवा."

केरबा जाऊन खोकं घेऊन आला. पोतं अंथरून त्यावर दोन्ही नव्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, आतली बाजू वर करून. मग हत्यारांच्या पेटीत हात घालून कानस काढली आणि ती पट्ट्यांवर आडवी ठेवली.

"मी च्या पिऊन येतो, मालक," तो म्हणाला. "तवर फुली मारून घ्या."